सहाव्या आठवड्यातली सोनोग्राफी : एका यंत्राची, एका कायद्याची आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. घरातल्या बायकांनी वाचावी म्हणून लिहितोय, पण पुरुषांनी आधी वाचावी अशी विनंती आहे.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भिंतीवरची पाटी. इथे गर्भलिंग तपासणी होत नाही, तो गुन्हा आहे. माझ्या पिढीने हे यंत्र ओळखलं ते या पाटीमुळे. मीही बातमीदार म्हणून वीस वर्षांत सोनोग्राफीवर जेवढ्या बातम्या केल्या, त्यातल्या बहुतेक धाडीच्या, सील ठोकल्याच्या, मुलींच्या घटत्या आकड्याच्या. या यंत्राची दुसरी बाजू मी लिहिलीच नाही. ध्यानीमनी नसताना दिवस गेले तर पहिल्या दोन महिन्यांत हे यंत्र काय करतं, ती ही बाजू.

सुरुवात घरापासून करतो.

१९९७ साल. मी बारावीला होतो. नंदुरबार जिल्हा अजून झालेला नव्हता, आपण धुळे जिल्ह्यातच होतो. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या चुलतभावाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, पोटात एका बाजूला दुखायला लागलं. थोडं अंगावरून जात होतं. दोन लेकरं झाल्यावर तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी शिबिरात झालेलं. म्हाताऱ्या काकूने हळूच विचारलं, दिवस तर नाहीत ना? वहिनी हसली. "मनं ऑपरेशन व्हई जायेल शे, मंग पोट कसं राही?"

सगळ्यांना ते पटलं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, गॅस म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा दुखायला लागला, चक्कर आली आणि ती चुलीपुढेच पडली. जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. पोटात रक्त साचलं होतं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता आणि नळी फुटली होती. रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या. वहिनी वाचली, आज नातवंडं सांभाळते. पण त्या जीपला आणखी एक तास उशीर झाला असता तर ही गोष्ट मी वेगळी सांगत असतो.

पुढे पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो आणि डॉक्टरांशी बोलणं वाढलं, तेव्हा कळलं की नसबंदी झाल्यावरही हजारातल्या काही बायकांना दिवस जातात. आणि अशा वेळी राहिलेल्या गर्भांपैकी साधारण तिसरा हिस्सा नळीत असतो. म्हणजे जिला "पोट राहणं शक्यच नाही" असं वाटतं, तिलाच सोनोग्राफीची गरज सगळ्यात जास्त. तिचा गर्भ कुठे आहे हे आठवडाभर आधी कळलं असतं, तर फाटकी जीप आणि तीन बाटल्या रक्त लागलं नसतं.

आता थोडं मागे जाऊ.

नको असताना किंवा ध्यानीमनी नसताना राहिलेलं पोट, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या विधवेने बदनामीच्या भीतीने बाळाचा जीव घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यानंतरची ही गोष्ट. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं, असं ते घर. फुल्यांनी पुढे दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका आईचा मुलगा.

१८८१ मध्ये आपल्या शेजारच्या सुरतेत असाच खटला उभा राहिला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली, मग ती शिक्षा कमी करून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर आणि एकूणच बायकांवर चिखलफेक केली. त्या रागातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरत म्हणजे आपल्याला परकं नाही. आपली निम्मी माणसं मजुरीला तिकडेच जातात.

पोट पाडणं तर इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानातच गुन्हा ठरवलं होतं. दाई, झाडपाल्याच्या काड्या, चोरून केलेले उपाय, आणि त्यातून मरणाऱ्या बाया. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांना समाजाने काय दिलं ते आपल्याला माहीत आहे. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९६६ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. १९७२ च्या एप्रिलपासून तो लागू झाला.

हा कायदा नीट वाचला तर एक गोष्ट दिसते. तो सगळा आठवड्यांवर उभा आहे. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, १२ ते २० पर्यंत दोघांचं. त्यापुढे फक्त जीव वाचवायचा असेल तर. पण आठवडे मोजायचे कसे? बाईने शेवटच्या पाळीची तारीख सांगायची आणि डॉक्टरने हाताने पोट चाचपून अंदाज करायचा. १९७१ मध्ये आपल्याकडे दुसरा उपाय नव्हता.

उपाय तयार होत होता, पण खूप दूर. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, तिथे रडार आणि सोनारची ओळख झालेली. १९५५ मध्ये ते ऑपरेशनने काढलेल्या गाठी गाडीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. लोखंडाच्या पत्र्यात आतून चीर आहे का, हे आवाजाच्या लहरींनी तपासायचं यंत्र तिथे होतं. त्याच यंत्राने त्यांनी गाठी तपासल्या. पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ वेगवेगळी दिसली. मग टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरने यंत्र बनवलं, जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर सोबत होते आणि जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिघांचा लेख आला. बॉयलर तपासायच्या यंत्रातून सोनोग्राफी अशी जन्मली.

आजही बायकांना सांगतात ना, लघवी साचवून या? तेही डोनाल्ड यांच्याकडूनच आलं. १९६३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की मूत्राशय भरलेलं असलं की त्यातून लहरी पुढे जातात आणि अगदी कोवळा गर्भही दिसतो. मग १९७३ मध्ये ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय काढायची पद्धत मांडली. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात, त्यामुळे मिलिमीटरमधल्या लांबीवरून आठवडे कळतात. चूक झालीच तर पाच-सात दिवसांची. पुढे पुढे बाळं आपापल्या अंगाने वाढतात, मग हा अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतो.

म्हणून लवकरची सोनोग्राफी चार प्रश्नांची उत्तरं देते. गर्भ पिशवीतच आहे ना? ठोके आहेत का? एक आहे की जुळं? आणि नेमके किती आठवडे? ठरवून राहिलेल्या पोटात हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ध्यानीमनी नसताना राहिलेल्या पोटात तारीखच माहीत नसते, तिथे याच उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

मग महाराष्ट्रात काय झालं?

आपल्याकडे गर्भ तपासायची विद्या आली आणि तिच्या मागोमाग मुलगा हवा हा हट्ट आला. आधी गर्भजल तपासणी, मग सोनोग्राफी. ऐंशीच्या दशकात मुंबईत स्त्री संघटनांनी याविरुद्ध मंच उभारला. राज्य सरकारने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून पाहणी करून घेतली. मुंबईतल्या ज्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांशी ते बोलले त्यातले ४२ जण गर्भजल तपासणी करत होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. १९९४ मध्ये केंद्राने केला, १९९६ पासून तो लागू झाला. पण तो कागदावरच राहिला, म्हणून २००० मध्ये सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म.

हे सगळं हवंच होतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या. बीडमध्ये ८०७, शेजारच्या जळगावमध्ये ८४२. आपल्या नंदुरबारमध्ये ९४४. मुलगी झाली म्हणून तोंड पाडायची रीत आपल्या आदिवासी समाजात कधी नव्हती. हे आपण छातीठोक सांगावं.

पण इथेच एक गोष्ट निसटली. ज्या जिल्ह्यांनी यंत्राचा गैरवापर केला, त्यांच्यासाठी नियम कडक झाले. ते बरोबरच. पण तेच नियम धडगावलाही लागू. सोनोग्राफी करायला ठरावीक शिक्षण आणि नोंदणी असलेला डॉक्टर लागतो. एका डॉक्टरला जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर काम करता येतं. यंत्र उचलून पाड्यावर नेता येत नाही, फिरत्या दवाखान्याची रीतसर नोंदणी असेल तरच. म्हणजे दवाखान्यात यंत्र असलं आणि डॉक्टर नसला, तर यंत्रावर कापड टाकून ठेवायचं. शहरात बाई रिक्षाने दहा मिनिटांत जाते. आपल्याकडे चांदसैली घाटात दरड आली की धडगाव आणि तळोदा एकमेकांपासून तुटतात. नर्मदाकाठच्या पाड्यांत दवाखाना बोटीतून येतो. बांबूच्या झोळीतून बाई रस्त्यापर्यंत आणायची, हे फोटो आम्ही पत्रकार दर पावसाळ्यात छापतो.

आणि गंमत बघा. सहाव्या-आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. त्यासाठी तीन महिने तरी उलटावे लागतात. म्हणजे ज्या तपासणीचा तसा गैरवापर होऊच शकत नाही, तीच आपल्या बाईला सगळ्यात उशिरा मिळते.

तारखेचं सांगतो. आपल्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, नाहीतर खाली पश्चिम महाराष्ट्रात जातात. होळीला परत येतात. काठीची होळी कोण चुकवणार? बाई आशाताईला तारीख सांगत नाही, सण सांगते. "भोंगऱ्याच्या आधी आली होती." अंगावर पाजणारी बाई तर तेही सांगू शकत नाही, कारण बाळंतपणानंतर पाळी सुरू व्हायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. तिच्या मते पाळी आलेली नाही म्हणजे सगळं ठीक. पोट हलायला लागतं तेव्हा कळतं. तोवर चार-पाच महिने झालेले असतात.

कायदा आठवड्यांवर चालतो आणि बाई सणांवर. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे ती पहिली सोनोग्राफी.

आठवड्यांचा हिशेब किती कठोर असतो ते २००८ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. मुंबईच्या निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष निघाला, पण २० आठवडे उलटून गेले होते. डॉ. निखिल दातार आणि मेहता दांपत्य मुंबई हायकोर्टात गेले. ऑगस्टमध्ये कोर्टाने नकार दिला. काही दिवसांतच गर्भपात आपोआप झाला. कायदा बदलायला मात्र २०२१ उजाडलं. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. अत्याचारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेली अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ ठरवतं. साधन फसलं हे कारण पूर्वी फक्त लग्न झालेल्या बाईला मिळायचं, आता सगळ्यांना. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या तरतुदीत धरलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. अल्पवयीन मुलगी दवाखान्यात आली तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने किंवा तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव सांगायची गरज नाही. आपल्याकडे कमी वयात लग्नं होतात, हे लपवून उपयोग नाही. नाव बाहेर येईल या भीतीने पोरी शेवटपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांच्यापर्यंत हा निकाल कोण पोचवणार?

आता माझं स्वतःचं.

२०१४ ची गोष्ट. आमची दोन मुलं शाळेत जायला लागली होती. बायकोने तांबी बसवलेली. एक दिवस ती म्हणाली, महिना चुकलाय. मी म्हणालो, तांबी आहे ना, कसं शक्य आहे? बोललो आणि जीभ चावली. वहिनीचं वाक्य माझ्याच तोंडून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. बाई डॉक्टर होत्या. एफ फॉर्म भरला, सही झाली. पडद्यावर सहा आठवडे काही दिवस, गर्भ पिशवीत, ठोके चालू. नळीत नाही हे ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं काय ठरलंय?" मी लगेच बोलायला लागलो. शाळेच्या फिया, भाड्याचं घर, पेपरचा पगार. डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, "दादा, मी ताईंना विचारलं. सही त्यांची लागते, तुमची नाही."

मी गर्भपाताच्या कायद्यावर दोन लेख लिहिले होते. सज्ञान बाईच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाचीही संमती लागत नाही, हे त्यात मीच लिहिलं होतं. पण आपल्या घरात ते लागू होतं, हे त्या खुर्चीवर बसून कळलं. बायको म्हणाली, मला आठ दिवस द्या. सहावा आठवडा होता म्हणून तिला आठ दिवस मिळाले. घाई नाही, ओरड नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. तिने काय ठरवलं ते मी इथे लिहिणार नाही. तिने परवानगी दिली ती इथपर्यंतच.

ते आठ दिवस हेच लवकर तपासणीचं खरं मोल आहे असं मला वाटतं. ठेवायचं असेल तर लोह, तपासण्या, तांबी काढायची का याचा विचार सुरू होतो. नको असेल तर साधी, सुरक्षित वाट उघडी असते. कुणी काय ठरवावं यावर माझं मत नाही. पण ठरवायला वेळ मिळावा यावर माझं ठाम मत आहे.

एक धोक्याची गोष्ट सांगून थांबतो. गर्भपाताच्या गोळ्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. धाडींच्या भीतीने बरेच दुकानदार त्या ठेवायला कचरतात, मग त्या चोरून, दुप्पट पैशांत येतात. बाई घरीच घेते. अंगावरून जातं, तिला वाटतं झालं मोकळं. पण गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांचा तिथे उपयोग होत नाही. रक्त जात राहतं, म्हणून संशयही येत नाही, आणि आत नळी फुटायची वाट बघत असते. माझ्या वहिनीसारखी.

तर कामाचं एवढंच. महिना चुकला तर ऑपरेशन झालेलं असो, तांबी असो, अंगावर पाजत असा, आशाताईकडून लघवीची तपासणी करून घ्या, तिच्याकडे किट असतं. दिवस असतील तर लवकर सोनोग्राफी करा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ती मोफत आहे, २०११ पासून. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, खांदादुखी असेल तर ९ तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी गाडी करा.

आणि आपल्या लोकप्रतिनिधींना, जिल्हा परिषदेला एक प्रश्न. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, कारण धुळे लांब पडतं म्हणून. आता मेडिकल कॉलेजही नंदुरबारला आहे. मग अक्कलकुवा, धडगाव, मोलगीच्या बाईला पहिल्या दोन महिन्यांत सोनोग्राफी कुठे आणि आठवड्यातून किती दिवस मिळते? कोणत्या दवाखान्यात यंत्र आहे, कुठे ते चालवणारा डॉक्टर आहे, याची यादी जाहीर करा. मी ती जशीच्या तशी इथे टाकतो.

तुमच्या गावातली परिस्थिती खाली लिहा. नावं लिहू नका, गाव आणि अंतर लिहा. वहिनीला ही पोस्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "मनं नाव नको टाकू, पण टाक." म्हणून टाकतोय.